घडी सैल पडली आणि खापर माझ्यावर फुटलं

“तुमच्या मिस्टरांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे,” पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मेंदूचा पुढचा भाग झिजतो. आधी स्वभाव बिघडतो, विसर नंतर.

मला रडू आलं नाही. संताप आला.

पानशेतला आमची पिठलं-भाकरीची खानावळ. हे गिऱ्हाइकांशी गोड बोलणारे. एके दिवशी यांनी एका बाईच्या ताटातली भाकरी उचलून खाल्ली. मग चुलत्याच्या मयताला खदखदून हसले. मुलगी तापाने फणफणली तरी वळून पाहिलं नाही. मी अडवलं की हात उगारायचे.

सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, “हिनंच कायतरी खाऊ घातलंय. माजं पोर असं न्हवतं.” गावाने री ओढली. पहिल्या डॉक्टरांनी तर यांना नीट तपासलंही नाही. “घरात भांडणं कमी करा,” असं मलाच ऐकवलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळीच्या गुंगीत हे मोरीत पडले. नसरापूरला टाके घालणाऱ्या डॉक्टरांना यांचं वागणं खटकलं. त्यांनी पुण्याला पाठवलं, म्हणून एमआरआय, म्हणजे मेंदूचं चित्र, निघालं.

सासरेही असेच वेडे होऊन गेले, हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी जीनची, म्हणजे जनुकांची, तपासणी केली. रिपोर्टच्या दिवशी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. बाकावर आम्ही दोघी तोंडं फिरवून बसलो, मधे हे.

“जीनवरून आरएनए नावाची प्रत निघते,” डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. “तिच्यातले काही तुकडे गाळून उरलेले जोडले जातात, ते स्प्लायसिंग. एक तुकडा कधी ठेवायचा, कधी गाळायचा असतो. त्याच्या टोकाशी आरएनए आकड्यासारखी घट्ट दुमडलेली असते, म्हणून तो हवा तेवढाच आत येतो. यांच्या जीनमधलं तिथलं एक अक्षर बदललंय. घडी सैल पडली, तुकडा जास्त वेळा आत राहतो. त्यातून बनणारं टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साचतं.”

“कुनाकडनं आलं?” सासूबाईंनी विचारलं.

“बहुतेक वडिलांकडून. ही घडी कुणाच्या खाऊ घालण्याने सुटत नाही. आणि ती पुन्हा घट्ट करणारं औषध आज आमच्याकडे नाही.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “मंजी म्या बी न्हाई केलं मालकास्नी येडं? माज्या सासूनं मला जलमभर डाकीण म्हनलं.”

“न्हाई, आत्या. तुमी न्हाई केलं,” मी म्हणाले. “आन् म्या बी न्हाई.”

त्यांनी माफी मागितली नाही, मीही त्यांना माफ केलेलं नाही. पण आता यांना घास त्याच भरवतात. यांनी हात उगारला तर मधे पडतात.

तुमच्या घरातला शहाणा माणूस अचानक परक्यासारखा वागायला लागला, तर आधी मेंदूचा डॉक्टर गाठा. कुणी त्याच्या बायकोकडे बोट दाखवलं, तर त्या बोट दाखवणाऱ्याला घराबाहेर काढा. गावातल्या अशा लोकांना बाहेर काढायला मी उशिरा शिकले.