मूळव्याध, टाके आणि साडभाऊ

मूळव्याध डॉक्टरला दाखवायच्या आधी मी साडभाऊला सांगितली. ही माझी चूक. बाकी सगळं त्यातूनच निघालं.

प्रभाकर म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा, राहणार आर्वी. तो मला आष्टीच्या बाजारात घेऊन गेला. तिथे ताडपत्रीवर बसलेल्या एकाने हिरवा लेप दिला. "लावा बिनधास्त, कोंब वायून गयून पडते." वाळून गळणं दूरच, कोंब जागचा हलला नाही, कातडी तेवढी सोलून निघाली. त्यानंतर मी उभ्याने जेवायला लागलो.

वर्ध्याच्या सर्जननी तपासलं आणि विचारलं, "यावर काय लावलंत?" मी सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "ग्रेड फोर हेमोरॉइड्स." म्हणजे कोंब बाहेर येतात आणि परत आत जात नाहीत. "त्यात तुम्ही भाजून घेतलंय. हेमोरॉइडेक्टॉमी करावी लागेल." म्हणजे कोंब कापून काढायचे.

तुमच्यावर ही पाळी आली तर स्पायनल ॲनेस्थेशियाला भिऊ नका. कण्यात सुई देतात आणि कमरेखालचं शरीर दुसऱ्या कोणाचं तरी होतं. भ्यायचंच असेल तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या संडासला भ्या. मी नळ धरून बसलो होतो. नळ हलला. सिट्झ बाथ, म्हणजे कोमट पाण्याच्या टबात बसणं, ते चुकवू नका. इसबगोल घ्या, पाणी प्या, कुथू नका. तिखटाचं तर नावच नको.

गावात, आंजीत, मी कमरेचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. प्रभाकर भेटायला आला तो वॉर्डाच्या दारातूनच ओरडत. "काय भाऊ, बसता येते का आता?" शेजारच्या खाटेवरचा पेशंट टाके सांभाळत हसला. मग प्रभाकरने तिथूनच सासरवाडीला फोन लावला. "भाऊले मूळव्याध झालती. म्या औषध देल्लं होतं, पण यायनं पथ्यच नाई पाळलं!"

कुशीवर पडलेल्या माणसाला दोनच कामं असतात, भिंत पाहणं आणि सूड ठरवणं. भिंत लवकर पाहून झाली.

मी घरी चालता-फिरता झालो की शेतातल्या मारुतीला रोडगे करीन, असा बायकोचा नवस होता. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. जखम अजून ओली होती, पण मी म्हटलं, भाजी मी करतो. वांगी घरची, मिरची घरची. पंगतीसाठी मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढवला आणि बाजूला प्रभाकरसाठी एक लहान गंजी. तिच्यात हिरव्या मिरचीचा ठेचा ओंजळीने घातला. लाल तिखट मुद्दाम टाळलं. रंग चढला असता तर तो सावध झाला असता. भाजी दिसायला अगदी गरीब झाली.

पंगत बसली. मी वाढायला उठणार, तेवढ्यात प्रभाकरनेच गंजी उचलली.

"हे भाऊची फिकी भाजी दिसते. पेशंट हाये ना, येगयी काढली असन." आणि अख्खी गंजी माझ्या पानात रिकामी केली. "ज्याच्यासाठी नवस, त्यानं पान साफ करा लागते, भाऊ."

नवसाच्या पानात काही टाकून उठता येत नाही. का खात नाही हे सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेही त्याला. मी खाल्ली. तो मोठ्या गंजातली भाजी चाटूनपुसून खात होता.

"भाऊ, डोये काऊन भरले?"

"धूर हाये."

बायकोने माझ्या पानातल्या रश्श्याला बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. 

सकाळी जुलाब आणि रक्त. मोटरसायकलवर बसणं शक्यच नव्हतं. भाजीच्या गाडीत, वांग्यांच्या कॅरेटशेजारी पालथा पडून वर्ध्याला गेलो.

म्हणून सांगतो, जखम भरेपर्यंत कोणावरही सूड उगवू नका. भरली की खुशाल उगवा. प्रभाकरला मी अजून सोडलेलं नाही. बसता येऊ द्या फक्त.

डॉक्टरांनी जखम पाहिली. "पुन्हा चिघळली. एवढं तिखट खाल्लं कोणाच्या सांगण्यावरून?"

मी तोंड उशीत खुपसलं. बायकोने त्यांना गंजीची सगळी हकीकत सांगितली आणि मग विचारलं, "साहेब, कोंब कापता कापता यायचा मेंदू तं नाई ना कापला गेला? यायचा तिथंच होता."