‘मी हाय ना’चा करार

भिवंडी कोर्टाबाहेरचा तो टायपिस्ट चष्म्यावरून नुसता बघायचा, की समोरचा मुकाट्याने खरं बोलायचा.

“नवा स्लॅब गळतोय, दिवाणखान्यात बादली ठेवलीय,” मी रडवेला झालो. “कंत्राटदाराकडे परवाना नाही, आमच्यात करार नाही. मेलीच ना माझी केस?”

“व्हॉट्सअ‍ॅपवर काय म्हणला?”

मी मेसेज दाखवला : ‘काका, स्लॅब गळला तर मी हाय ना!’

त्याने कानावरचं पेन काढून माझ्या गुडघ्यावर हलकेच आपटलं. “हाच तुमचा करार! आधी नोटीस, न्हाय ऐकला तर ग्राहक आयोग.”

मग दोन बोटांनी नोटीस बडवली. त्यातलं ‘हाय’ मात्र शुद्ध केलं नाही.

आठवड्यात कंत्राटदार सिमेंट घेऊन दारात. “काका, मी हाय ना!”

बादली आता न्हाणीघरात परतलीय.