चौघांचं एकमत

सिलतऱ्याच्या कारखान्यात मी भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. तिथं वायू, पाणी, तापमान अशा एकेका गोष्टीवर एकेक प्रोग्राम बसवलेला आहे. ते आपसात बोलून ठरवतात, भट्टी चालू ठेवायची की थांबवायची. मला ही पद्धत फार आवडायची. एकटा माणूस चुकतो, चौघं मिळून चुकत नाहीत, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे. शहाणपण जास्त झालं की ते घरी नेल्याशिवाय चैन पडत नाही.

घरी म्हणजे चौबे कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी. बाबा रेल्वेत केबिनमन होते, गाड्यांना सिग्नल देणारे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मागच्या हिवाळ्यात बाबा न सांगता बाहेर पडले आणि तीन तासांनी शहराबाहेर उरला भागात, ट्रकांच्या रांगेपाशी, धुळीनं माखलेले सापडले. एका ट्रकवाल्या भैयानं त्यांच्या खिशातला नंबर बघून मला फोन केला. त्याआधी दोनदा गॅस चालू राहिला होता आणि विसराळूपणा वाढत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हबकलेच. महिन्याभरात घरात चार प्रोग्राम बसवले.

पलंग झोप बघायचा. गोळ्यांची डबी गोळी घेतली का ते बघायची. कॅमेरा चाल आणि चेहरा बघायचा. चौथा प्रोग्राम दाराच्या कुलपाचा; मी घरी नसले की या तिघांना विचारल्याशिवाय तो दार उघडायचा नाही. त्यांचं बोलणं माझ्या फोनवर साध्या मराठीत उमटायचं. चौघांना माहिती म्हणून पहिली ओळ मीच लिहून दिली होती, बाबा वाट चुकतात.

बाबांना समजावलं तर ते म्हणाले, "आमच्या लायनीत बी पुढच्या स्टेशनले विचारल्याबिगर गाडी सोडत नव्हतो." मला वाटलं, पटलं त्यांना.

त्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट होती. कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो. दुपारी तो हातात आला तेव्हा बाबांचे अकरा मिस्ड कॉल होते, आणि खाली चौघांचं लांबलचक संभाषण.

बाबांना बाहेर जायचं होतं. पलंग म्हणाला, झोप कमी झाली आहे. डबी म्हणाली, गोळी राहिली आहे. बाबांनी गोळी घेतली, डबी गप्प झाली. तोवर बाबा दारापुढे येरझाऱ्या घालायला लागले होते, म्हणून कॅमेरा म्हणाला, अस्वस्थ आहेत. पलंग म्हणाला, कमी झोपेचाच परिणाम. ते वाचून कॅमेऱ्याची खात्री वाढली. बाबांनी दार बडवलं तेव्हा सगळ्यांचीच वाढली. माझं वाक्य दर वेळी पुरावा म्हणून पुढे येत होतं. बैठक अगदी शिस्तीत चालली होती. बाबांना कुठं जायचंय, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. तो प्रश्न मी कुणाला दिलाच नव्हता.

मी गेटवरूनच फोनवर दार उघडलं आणि मिळेल त्या ऑटोनं घरी आले. दार सताड उघडं होतं. बाबा समोरच खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात बूट.

"माहा जोडीदार गेला," ते म्हणाले. "उरल्याचा. त्याच्या सुनेचा फोन आलता. बारा वाजता माती होती."

बाबांनी आणि त्यांनी एकाच केबिनमध्ये अर्धी नोकरी काढली होती. मला ओरडावंसं वाटलं, कुणावर ते कळेना. शेजाऱ्यांना हाक काहून नाही मारली, असं मी विचारलं.

"काय सांगू त्याइले? माह्या पोरीनं मले कोंडलं म्हणून?"

मी खाली बसले. मग तेच म्हणाले, "तवा हिवाळ्यात बी मी हरवलो नव्हतो, बाई. त्यालेच पाहाले गेलतो. लय बिमार होता."

"मग तवाच सांगाचं न, बाबा."

"तू रडून राहिली होती. म्हटलं, जाऊ दे."

मी तेव्हाच फोन काढून 'बाबा वाट चुकतात' हे वाक्य पुसलं. सगळंच उपटून टाकायला स्क्रू ड्रायव्हरही घेतला. पण गॅस दोनदा खरंच चालू राहिला होता, आणि उरल्याच्या रस्त्यावर ट्रकही खरेच धावतात. मी भित्री आहे, हे सरळच लिहिते. स्क्रू ड्रायव्हर परत ठेवला. पुढच्या रविवारी आपण दोघं त्यांच्या घरी जाऊन येऊ, असं मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, आता कशाले.

आठ दिवसांनी शिफ्टच्या गेटवर उभी असताना फोनवर अहवाल आला. बाबा शांत आहेत. आठवडाभरात एकदाही दाराजवळ गेले नाहीत. झोप चांगली, गोळ्या वेळेवर. हीच व्यवस्था चालू ठेवावी, यावर चौघांचं एकमत आहे. खाली दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य.

मागे रांग होती आणि शिपाई फोन मागत होता. मी मान्य दाबलं.