येरमाळ्याच्या द्राक्षबागेत हवा मोजताना

येरमाळ्याला एसटीतून उतरले तेव्हा मांडीवरच्या पेटीनं पाय पार बधिर झाले होते. पेटीत हवेतली वाफ मोजणारं यंत्र. समोरासमोर दोन छोट्या काचा. एकीतून दुसरीकडे प्रकाश जातो आणि मधल्या वाफेनं तो किती अडवला, हे यंत्र सेकंदाला दहा वेळा सांगतं. साधी उपकरणं मिनिटभर विचार करतात. याला तेवढा धीर नाही, आणि मलाही नाही.

सुलभाताईंची बाग फुलोऱ्यात होती. दहिवर (दव) पडून हवा ओली राहिली, तर डावणी (बुरशीचा रोग) घड खाते. उगाच फवारलं तर फुलं गळतात. "वर्साचं पीक हाय म्याडम, नीट सांगा," ताई म्हणाल्या. मी मोठ्या ऐटीत दोन ओळींमध्ये छातीएवढा खांब उभा केला. जेवायला हुलग्याचं माडगं (पातळ पेज), भाकरी आणि शेंगांची चटणी. चटणीनं डोळ्यांत पाणी आणलं, तरी पुन्हा मागून घेतली.

सकाळी मोबाइलवर आकडा आला: शंभर टक्के. "हवा चिंब आहे, फवारा," मी सांगून टाकलं.

ताईंनी पान चाचपलं. "पान तर सुकं लागतंय की."

"यंत्राला जास्त कळतं हो!"

त्या औषध कालवायला गेल्या. मी चहा पीत बसले. वारा सुटला, पानं सळसळली, तरी आकडा हलेना! हवा कधी अशी गप्प बसत नाही. झुळुकीगणिक आकडा थरथरायला हवा.

धावत खांबाशी गेले. दोन्ही काचांवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं! ताईंच्या सासूबाई, गोदाबाई, कौतुकानं मागं उभ्या. "नवं यंतर शेतात आलं, पुजल्याबिगर कसं ऱ्हायचं? त्येचे डोळं दिसले, तितंच लावलं पहाटंचं."

कुंकवानं अडवलेला प्रकाश यंत्रानं वाफेच्या नावावर टाकला होता.

तिकडे ट्रॅक्टर सुरू झाला. "ताई, थांबा! चूक झाली माझी!" मी ओरडले. कापसानं काचा पुसल्या. आकडा घसरला आणि थरथरू लागला: पंचावन्न, अठ्ठावन्न, चोपन्न. रात्रीची नोंद चाळली. पहाटे बोट टेकेपर्यंत हवा कोरडीच होती. मी शेवटचा आकडा तेवढा पाहिला होता.

गोदाबाईंचा चेहरा उतरला. "माज्यामुळं बाग बुडली असती व्हय?"

"नाही आजी, माझ्यामुळं."

ताई ट्रॅक्टरवरून उतरल्या. "मंग? फवारू का नको?"

"नको," मी म्हणाले. इतका जड शब्द मी आयुष्यात उच्चारला नव्हता.

पुण्याला परतले आणि रोज सकाळी ताईंना फोन करत राहिले. आठ दिवसांनी त्यांनीच केला. "घड साफ हायेत. आता झोपा निवांत."

आजवर मी हजारो आकडे कळवले होते. त्यांतल्या एकासाठीही कधी झोप उडाली नव्हती, याची त्या दिवशी मला लाज वाटली.