उभ्या ओळी

अभिलेखागारात मी एका अमेरिकन डॉक्टरची पत्रे वाचत होते. एकोणिसाव्या शतकात, दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात, तो रोगी तपाशी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिही. बहिणीला लिहिलेल्या या शेवटच्या पत्रात त्याच्या लेकीचा ताप चढत होता. कागद संपला, तरी तो उतरला नव्हता.

“जेवायला चला ना, ताई,” शेजारी बसणारी सुनंदा म्हणाली. “ती वाचली असती तरी आज थोडीच असती?”

“तरी कळू दे गं.”

कागदाला वाळक्या पाल्याचा वास होता. पहिल्या पानावरची रेघांची जाळी मी शाई फुटल्याची खूण समजले होते. पान आडवे धरले, आणि जाळीतून अक्षरे उमलली. कागदाच्या टंचाईपायी त्याने लिहिलेल्या ओळींवरूनच उभ्या ओळी लिहिल्या होत्या : पहाटे तिला घाम फुटला, तिने पीच मागितले आणि आंबट म्हणून थुंकून टाकले.

भीती न खोडता, तिच्याच अंगावरून त्याने सुटका लिहिली होती. आपल्यालाही कोरे पान क्वचितच मिळते.

मी उठले. सुनंदाने डबा अजून उघडला नव्हता.

“वाचली ना?” तिनेच विचारले.