हसरा फोटो राहिला

संगणकात एकाच जागेचे बारा फोटो होते. सफाईच्या सॉफ्टवेअरने त्यातले अकरा पुसले आणि एक ठेवला. ठेवलेला फोटो बारांमध्ये सर्वोत्तम आहे, असे त्याने पडद्यावर लिहूनही दाखवले. परवानगीचे बटण मी दाबले होते. हे आधीच सांगते, कारण पुढचा मजकूर तक्रारीचा आहे, आणि तक्रारदाराने आपला वाटा पहिल्या परिच्छेदात नोंदवावा, असे मला नोकरीत शिकवले गेले.

नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होती, उपसंपादकाची. राहायला वसईत. फोटो मात्र गास गावातले, माझ्या आतेभावाच्या भातशेताच्या कडेचे. आतेभाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते, तो मला बाय म्हणतो आणि खोडी काढायची असेल तर पत्रकार.

त्याच्या शेताच्या पश्चिमेला एक ओहळ होता. वरच्या शेतांचे पावसाचे पाणी त्यातून रस्त्याखालच्या दगडी मोरीत जाई आणि तिथून खाडीकडे. गावनकाशात या ओहळाची रेघ नाही. नकाशा करणाऱ्याला तो दिसला नसेल किंवा तो उन्हाळ्यात आला असेल. एका वर्षी मी ‘पाणी कुठून जाते’ या विषयावर मजकूर लिहायला घेतला आणि ओहळाचा फोटो काढला. मजकूर छापून आला नाही. फोटोची सवय राहिली.

दरवर्षी श्रावणात मी गासला जायची. बांधावर एक गोटा होता, त्याच्यावर उभी राहायची. डाव्या कोपऱ्यात मोरीचे तोंड, उजवीकडे भेंडाचे वाकडे झाड, मधे ओहळ आणि ओहळात उभा दादा. त्याच्या हातात बांबूची काठी, तिच्यावर वीतभर अंतराने तेलरंगाचे पट्टे. पाणी कितव्या पट्ट्यापर्यंत आले ते मी वहीत लिहायची: तारीख, वेळ, पट्टा, पाऊस चालू की थांबलेला. चौकट बदलायची नाही, हा नियम मी केला होता. बदल मोजायचा तर बाकी सगळे तेच हवे.

“दरवर्षी तोच फोटो,” दादा म्हणायचा. “पेपरवाल्यांना दुसरं काय सुचत नाय काय?”

“तोच नाही. मागच्या वर्षी चौथा पट्टा होता.”

“मग काठीचाच काढ ना. मला कशाला भिजवतेस?”

त्यानंतर शेजारची जमीन विकली गेली. घेणाऱ्या बिल्डरने उन्हाळ्यात मातीचा भराव टाकला, ओहळ बुजवला आणि मोरीच्या अर्ध्या तोंडावर कंपाउंडची भिंत घातली. त्या पावसात वरचे पाणी दादाच्या शेतात थांबले ते थांबलेच. भाताच्या रोपांचे आवण कुजले. दुसऱ्यांदा लावले, तेही कुजले. बिल्डरचा माणूस घरी येऊन सांगून गेला की पाण्याखालची जमीन ठेवून करणार काय, आम्ही घेतो. असे आणखी दोन पावसाळे गेले तर दादाला शेत त्यालाच द्यावे लागणार, हे दादालाही कळत होते आणि त्या माणसालाही.

त्या श्रावणात मी बारावा फोटो काढला. तोच गोटा, तीच चौकट. भराव उंच असल्याने दादा कोरड्या मातीवर उभा होता, मागे पांढरी भिंत. माझ्या पाठीमागे त्याच्या शेतात गुडघाभर पाणी होते, पण ते चौकटीत नव्हते.

“आता काय मोजू?” दादाने काठी मातीवर टेकवून विचारले. “धूळ?”

आणि तो हसला. मलाही हसू आले. फोटो नवीन मोबाइलचा होता, आकाश उघडलेले होते. दादाचा प्रत्येक दात दिसतो त्यात.

दादाने भराव आणि भिंतीविरुद्ध तहसील कचेरीत हरकतीचा अर्ज केला. हिवाळ्यात सुनावणी लागली. बिल्डरतर्फे लेखी उत्तर आले की त्या जागी ओहळ कधीच नव्हता, ती सखल जमीन होती. दादाच्या शेतातल्या पाण्याचे फोटो त्यांनी मान्यच केले: भातशेतात पाणी असणारच. म्हणजे ओहळ होता, हे दाखवायला माझे बारा फोटो आणि माझी वही, एवढाच ऐवज होता. फोटो क्रमाने लावायचे, प्रत्येकाखाली फोटोओळ द्यायची आणि छापून तीन प्रतींत सादर करायचे, असे ठरले.

सुनावणीला नऊ दिवस असताना संगणक संथ झाला. एक फोटो उघडेपर्यंत चहा गाळून होई. मी दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. गेल्या वर्षी जुनी हार्ड डिस्क काढून नवीन एसएसडी त्याच दुकानदाराने बसवली होती.

“मॅडम, काही झालेलं नाही. कचरा साठलाय,” तो म्हणाला. “क्लीनर टाका एखादा. फ्री असतो. डबा हलका होऊन जाईल.”

क्लीनर टाकला. त्याने न विचारता तपासणी सुरू केली. पडद्यावर गोल तबकडीवरचा एक काटा फिरत फिरत लाल पट्ट्यात गेला आणि खाली चार आकडी संख्या आली. इतक्या समस्या सापडल्या, असे त्याचे म्हणणे. कोणत्या समस्या, ते नाही. तपासणी फुकट, सफाईला वर्गणी. डेस्कवर एखाद्या वार्ताहराने अशी बातमी दिली असती, आकडा मोठा, तपशील शून्य, सूत्र कोणते ते गुलदस्त्यात, तर मी ती परत पाठवली असती. इथे मी वर्गणी भरली. सुनावणी तोंडावर होती आणि आकडा लाल होता. माणसाला घाबरवून मग मदत देऊ करणाऱ्या धंद्याबद्दल मी अनेक बातम्या तपासल्या आहेत. त्या सगळ्यांची शीर्षके मला त्या दिवशी आठवायला हवी होती.

सफाईची पाने एकामागून एक आली. तात्पुरत्या फायली: होय. जुने अपडेट: होय. मग एक पान आले: एकसारखे फोटो. सर्वोत्तम ठेवून बाकीचे काढायचे?

इथे माझा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही, आणि याचे कारण अज्ञान नव्हते, सवय होती. डेस्कवर रोज संध्याकाळी एकाच सभेचे, एकाच अपघाताचे चार-चार फोटो येत. एक निवडायचा, बाकीचे मारायचे. मारायचे हाच आमचा शब्द. ज्यात चेहरा स्पष्ट, उजेड नीट, तो पानावर. हे काम मी इतकी वर्षे केले होते की तो प्रश्न मला यंत्राने विचारल्यासारखा वाटलाच नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने विचारल्यासारखा वाटला. होय.

फरक इतकाच की डेस्कवर प्रत्येक फोटोसोबत फोटोओळ यायची. कुठला, कधीचा, कोणी काढला, हे वाचल्याशिवाय कोणीही फोटो मारत नसे. या सॉफ्टवेअरने ओळ मागितली नाही. प्रत्येक फायलीवर वर्ष होते, तेही त्याने पाहिले नाही. त्याला दिसले ते असे: एक माणूस, एक काठी, एक दगडी तोंड, एक वाकडे झाड, बारा वेळा. जे मी बारा वर्षे सांभाळले, त्यालाच त्याने फालतू म्हटले. आणि सर्वोत्तम कोणता? ज्यात उजेड जास्त, डोळे उघडे, चेहरा हसरा. ओहळ नसलेला.

सफाई झाल्यावर काटा हिरव्या पट्ट्यात गेला. ‘अभिनंदन’ असा शब्द आला. रीसायकल बिन त्याने आधीच रिकामी केली होती. ती सफाईच्या यादीत वरच्याच ओळीत होती आणि तिलाही मी होय म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी फोटोओळी लिहायला बसले तेव्हा फोल्डरमध्ये एक फोटो होता. संगणक आता मोठ्या घाईने तोच एक फोटो उघडून दाखवी.

मी संगणक उचलून दुकानात नेला. दुकानदाराने अर्धा दिवस प्रयत्न केला, हे मान्य केले पाहिजे.

“जुनी डिस्क असती तर काढून दिले असते,” तो म्हणाला. “एसएसडीमध्ये गेलं की गेलं, मॅडम. दुसरीकडे कुठे नव्हते?”

“नव्हते.”

“मोबाइलमध्ये?”

“जागा होईना म्हणून मोबाइलमधून काढून यात ठेवले होते.”

“मग तुम्ही यादी बघितली असणार ना, होय करायच्या आधी?”

प्रश्न बरोबर होता. पण कचरा साठलाय हे फोनवर, न बघता, त्यानेच सांगितले होते. मी संगणक उचलून घरी आणला.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी सविस्तर पत्र लिहिले, मुद्द्यांना क्रमांक देऊन. उत्तर काही मिनिटांत आले, म्हणजे ते कोणी वाचले नव्हते. काढलेल्या फायली कमी दर्जाच्या होत्या आणि संगणकाची जागा वाचली आहे, असे त्यात होते. शेवटी एक ते पाच तारे देण्याची विनंती. दर्जा कोणी ठरवला, कशासाठी ठरवला, याला तारे देण्याची सोय नव्हती.

दादाला सांगायला गासला गेले. तो अंगणात वालाच्या शेंगा निवडत होता. ऐकून घेतले. निवडायचा थांबला नाही.

“सगळे गेले?”

“एक आहे. शेवटचा.”

“हसतोय तो?”

“तोच.”

“एवढं भिजवलंस मला,” तो म्हणाला, “आनि ठेवला कोनता, तर कोरडा.” निवडलेल्या शेंगा त्याने सुपात लोटल्या. मग म्हणाला, “वही हाय ना तुझी? चल मग.”

सुनावणीच्या खोलीत अधिकाऱ्याने फोटो हातात घेतला. वहीची त्याने दोन पाने चाळली.

“ही वही तुमची. अर्जदार तुमचे कोण?”

“आतेभाऊ.”

“मग हा पुरावा कसा होतो?” वही परत आली. फोटो त्याने बिल्डरच्या माणसाकडे सरकवला, मग दादाकडे पाहिले. “इथे पाणी कुठे दिसतंय? तुम्ही तर हसताय यात.”

बिल्डरच्या माणसाने फोटो पाहून टेबलाच्या मधोमध ठेवला. त्याला बोलायची गरज नव्हती.

दादा पुढे झाला. त्याने बोट फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवले, भिंतीने अर्धे खाल्लेल्या दगडी तोंडावर. “साहेब, ही मोरी कोनी बांधली? मी नाय. सरकारने बांधली, रस्त्याखाली. सुक्या जमिनीत सरकार मोरी कशाला बांधेल?”

अधिकाऱ्याने फोटो पुन्हा घेतला, चष्मा वर करून पाहिला. मग लेखनिकाला म्हणाला, “स्थळपाहणी लिहा. होळीनंतर.”

“होळीनंतर पानी कुठलं?” दादा म्हणाला. “पावसात या ना, साहेब.”

“पावसात तिथे गाडी येत नाही.”

“का नाय येत?”

लेखनिक हसला. अधिकारी हसला नाही. तारीख होळीनंतरचीच पडली.

त्या दिवशी अधिकारी आला तेव्हा जमीन भेगाळलेली होती. दादाने ती पट्ट्यांची काठी आणली होती. मोरीच्या उघड्या राहिलेल्या अर्ध्या तोंडातून त्याने ती आत घातली. पहिला पट्टा गेला, चौथा गेला, शेवटचाही गेला, दादाचा हात कोपरापर्यंत आत गेला. काठी बाहेर काढली तेव्हा टोकाला काळा गाळ होता, ओला. तो त्याने अधिकाऱ्यासमोर धरला. अधिकाऱ्याने गाळ पाहिला, मोरीकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले आणि उभ्या उभ्या पंचनामा सांगितला. लेखनिकाच्या मागे उभी राहून मी तो वाचला. त्यात दोन वाक्ये होती. मोरी आढळली. पाणी आढळले नाही.

निकाल राखून ठेवला आहे. बिल्डरचा माणूस मधे पुन्हा घरी येऊन गेला.

पाहणीच्या दिवशी गाडी धूळ उडवत निघून गेली तेव्हा मी बांधावरच्या गोट्यावर चढून फोटो काढला. डावीकडे मोरी, उजवीकडे भेंड. दादा भरावावर जाऊन उभा राहिला, सवयीने. संगणकातला सफाईवाला मी आधीच काढून टाकला होता. हा फोटो त्याच संध्याकाळी छापून एक प्रत दादाला लोखंडी पेटीत ठेवायला दिली.

“पुढच्या श्रावनात ये,” पेटी बंद करताना दादा म्हणाला. “शेत तवर माझंच हाय. भरावावर नको, शेतातच उभा राहीन, पान्यात. आनि बाय, या टायमाला मी हसनार नाय.”