दाराबाहेरचा बाक

भाची पुण्यात एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. फोनवर तिची एकच तक्रार असते: तारखा वरचे लोक ठरवतात आणि पाळायच्या मात्र हिने. "मामा, आमच्यातलं एक तरी माणूस वर बसायला पाहिजे की नको?" असं तिनं परवा विचारलं आणि मला आमच्या दूध संघातला बाक आठवला.

तो मीटिंगच्या खोलीबाहेर होता. आत संचालक बसायचे, सगळे निवडून आलेले. मी पगारी माणूस. संघाचं कुठलंही नवं काम निघालं की त्याची जुळवाजुळव माझ्याकडे. पण ठरायचं सगळं आत आणि शिपाई बाहेर येऊन मला सांगायचा. मला याचा भयंकर राग यायचा. चहा तेवढा वेळेवर मिळायचा.

पाटोद्याच्या बाजूला दुष्काळ पडला त्या वर्षी संघानं जनावरांची छावणी काढायचं ठरवलं. एका संचालकानं चारा अंगावर घेतला, दुसऱ्यानं टँकर, तिसऱ्यानं उद्घाटनाचा मांडव. उद्घाटनाला बोलावलेले पुढारी ज्या दिवशी मोकळे होते तोच दिवस धरला. मला कोण विचारतो!

उद्घाटनाच्या सकाळी जाऊन बघतो तर मांडव छावणीच्या तोंडाशी, टँकर जिथून आत वळणार नेमका तिथंच.

"हा बाजूला घे," मी मांडववाल्याला म्हणालो.

"सायबांनी हितंच सांगितलंय," तो म्हणाला आणि दोर आवळत राहिला.

नारळ फुटला, हार झाले, भाषणं सुरू झाली. खरं तर कुणाच्याच कामात खोट नव्हती. चारा आला होता, टँकर भरून आला होता, मांडव तर झालरी लावून सजवलेला. फक्त टँकर रस्त्यावर अडकला होता, आत हौद कोरडा होता आणि लांबून चालत आलेली जनावरं हौदाभोवती हंबरत होती.

चेअरमन माईकवर होते. त्यांच्याच भावकीतले एक म्हातारे म्हशीचं दावं धरून पुढं आले. "चेअरमन, तुमचं भाषण लई ग्वाड हाय, पर म्हशीला ते पेता येत न्हाई!"

मांडवात हशा पिकला. माझं मात्र डोकं फिरलं होतं. मी तरातरा मांडववाल्याकडे गेलो. "सोड दोर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चेअरमनकडे. त्याचं तरी काय चुकलं? माझ्या शब्दावर मांडव सोडला असता तर बोलणी त्यालाच बसली असती. मी तसाच उभा राहिलो. शेवटी चेअरमननी माईक खाली ठेवला आणि म्हणाले, "सोड."

पुढारी स्वतःची खुर्ची उचलून बाजूला झाले. टँकर आत आला, हौदात पाणी पडलं आणि जनावरांनी तोंडं घातली. उरलेलं भाषण कुणी मागितलं नाही.

पुढच्या मीटिंगला मी सवयीनं बाकावर बसलो. दार उघडून खुद्द चेअरमन बाहेर आले. "आत या."

आत एक संचालक तडकले. "निवडून न येता माणूस टेबलाला का म्हणून बसतो?"

"मत न्हाई द्यायचं त्यांना," चेअरमन म्हणाले. "पर ह्यांनी हो म्हणल्याबिगर तारीख ठरायची न्हाई."

खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीत बसताना फार बरं वाटलं. लगेच दुसऱ्या छावणीचा विषय निघाला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आधी हौद भरू द्या," मी म्हणालो.

हौद भरला. दुसऱ्या दिवशी जनावरं आली, पाणी प्याली, चाऱ्याला लागली. त्या गडबडीत नारळ पिशवीतच राहिला. संध्याकाळी चेअरमननी तो माझ्या हातात ठेवला. "घरी न्या. चटणी करा."

ती चटणी किती चवदार झाली होती, ते मी भाचीला सांगितलं.